आठ जबड्यांचा मास्तर

मालकीणबाईंनी सोमवारी सकाळी प्रश्न विचारला, उत्तराला शनिवारपर्यंत मुदत दिली, आणि तिथंच मास्तरांचं घोडं अडलं. प्रश्न तसा सरळ होता. एका माणसाला हाताखालची किती माणसं नीट सांभाळता येतात? भाषण नको, कारणं नकोत, एका चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून द्यायचा. मास्तरांनी कोरी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि चार दिवस ती तिथं घामानं मऊ होत राहिली.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅपा बनवून देणारी एक लॅब होती. तिथल्या कवळ्यांच्या विभागाचे ते प्रमुख. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांची तोंडं भरण्याचं काम केलं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. थोडा रास्तहून जास्तही होता, पण ते पुढं येईलच.

कवळीचं काम असं चालतं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात. त्यावरून प्लास्टरचे दोन साचे होतात, एक वरच्या हिरडीचा, एक खालच्या. हे साचे एका लोखंडी सापळ्यावर बसवायचे. सापळा खऱ्या जबड्यासारखा उघडतो-मिटतो, म्हणून लॅबमध्ये त्याला जबडाच म्हणत. या जबड्यावर मेणात एकेक दात बसवत जायचा, आणि सगळे दात एकमेकांवर नीट टेकले की मेणाच्या जागी गुलाबी हिरडी ओतायची. जबड्याच्या मागच्या बिजागरीत एक स्क्रू असतो. तो घट्ट असेल तर जबडा मिटताना एकदाच 'टक' असा आवाज येतो. तो ढिला झाला की जबडा किंचित डावी-उजवीकडे हलतो, दात भलत्याच जागी टेकतात, आणि त्या कवळीचा धनी जेवताना सगळ्या लॅबचा उद्धार करतो.

मास्तरांच्या हाताखाली वर्षानुवर्षं आठ माणसं होती, आणि तेव्हा त्यांची एक पद्धत होती. सकाळी आल्या आल्या ते पहिल्या टेबलापासून आठव्यापर्यंत जात. प्रत्येकाचा जबडा हातात घेत, कानाजवळ नेत, दोनदा उघडून मिटत. आवाज एकच आला की जबडा खाली. दोन आले की खिशातला छोटा पेचकस काढून स्क्रू आवळत. हे चालू असताना गप्पाही होत. कुणाची मुलगी आजारी आहे, कुणाचं घरात बिनसलंय, कुणाला कालपासून डोळ्यांवर ताण येतोय, सगळं त्या अर्ध्या तासात कळे. एक नियम मात्र कडक होता. स्क्रूला मास्तरांशिवाय कुणी हात लावायचा नाही. कारण प्रत्येकजण आपल्या मगदुराप्रमाणे आवळायला लागला तर आठ जबड्यांच्या आठ तऱ्हा व्हायच्या.

ही आठ माणसं त्यांना हाताच्या रेषांसारखी पाठ होती. मेणकाका समोरचा एक दात मुद्दाम केसभर वाकडा लावत, कारण अगदी सरळ दात खोटे दिसतात असं त्यांचं म्हणणं. एकाला सगळे 'घाई' म्हणत आणि दुसऱ्याला 'उद्या', आणि ही नावं कशी पडली ते सांगायची गरज नाही. कवळी नुसती उलटी करून बघितली तरी ती कुणाच्या हातची आहे ते मास्तर सांगत आणि कधी चुकत नसत. मग डब्यावर 'तपासले' असा आपला गोल शिक्का मारत. डॉक्टर मंडळी त्या शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची.

मग मालकीणबाईंनी पलीकडच्या रस्त्यावरची एक बंद पडलेली लॅब विकत घेतली, आणि एका सोमवारी तिथली तेरा माणसं आपापले जबडे काखोटीला मारून आली. टेबलांना नऊ ते एकवीस असे आकडे पडले. मास्तरांची छाती फुगली. पहिल्या दिवशी त्यांनी एकवीसच्या एकवीस जबडे ऐकले आणि संपेपर्यंत दुपारचा डबा गार झाला. दुसऱ्या दिवशी ते तासभर लवकर आले, तर माणसंच आली नव्हती. तिसऱ्या दिवशी नवव्या टेबलाशी फोन वाजला, चौथ्या दिवशीही नवव्याशीच वाजला, आणि पुढं जणू तसा करारच झाला. कधी एखाद्या डॉक्टरची घाई, कधी रजेचा अर्ज, कधी कुणाच्या स्टुलाचा पाय मोडलेला. मग मास्तरांनी एक तक्ता केला. वार पाडून दिले, रोज तीन-चार टेबलं. दोन आठवड्यांत तक्ता भिंतीवर टांगलेला राहिला आणि जबडे टेबलावर. शेवटी शेवटी मास्तर खोलीच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं विचारत, सगळं ठीक ना? एकवीस माना डोलत. असल्या प्रश्नाला माणसं दुसरं करणार तरी काय?

शिक्क्याचंही तेच झालं. पूर्वी ते प्रत्येक डबा उघडत, कवळी जबड्यावर चढवत, दातांत निळा कागद धरून खूण कुठं उमटते ते बघत. आता शुक्रवारी दुपारी डब्यांची चळत समोर यायची आणि शिक्का वरून खाली धावत सुटायचा. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण एकवीस माणसांचा प्रमुख हे शब्द तोंडात इतके छान बसले होते की ते काढून ठेवायची इच्छा होत नव्हती.

आता मालकीणबाईंच्या मनात तिसरी लॅब घ्यायचं होतं. म्हणजे आणखी तेरा माणसं. मधल्या जागेत काचेची एक खोली बांधायला घेतली होती, आणि जो एवढ्या सगळ्यांना सांभाळीन म्हणेल तो त्या खोलीत मुख्य व्यवस्थापक म्हणून बसणार होता. चिठ्ठीवर चौतीस लिहिलं की खोली मास्तरांची. कमी लिहिलं तर दुसऱ्या कुणाची, आणि वर लोक म्हणणार की मास्तरांना झेपलं नाही. मास्तरांना रात्री झोप नीट लागत नव्हती ती या चौतीसपायी.

त्यात घरी आईनं आधीच डंका पिटला होता. शेजारच्या काकूंचा मुलगा कुठल्याशा कचेरीत साहेब होता, त्याच्या हाताखाली नऊ माणसं. काकूंनी ते नऊ गेली चार वर्षं आईच्या तोंडावर मारले होते. मास्तरांचे आठाचे एकवीस झाले त्या दिवशी आई चहाचा कप घेऊन स्वतः काकूंकडे गेली आणि तासाभरानं तुकतुकीत चेहऱ्यानं परत आली. आता चौतीसचं कानावर आल्यापासून तर ती जिन्यात भेटेल त्याला थांबवत होती.

आईची कवळीही नवीच होती, तीन आठवड्यांपूर्वीची. जुनी झिजली होती. मास्तरांना ती स्वतःच्या हातानं करायची होती, पण वेळ कुठला? त्यांनी माप लॅबमध्ये टाकलं आणि म्हणाले, कुणाच्याही टेबलावर जाऊ दे, शिक्का तर माझाच आहे.

गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं विषय काढला. आई हल्ली बिस्कीट चहात बुडवल्याशिवाय खात नाहीत. सफरचंद आणलं तर किसून मागतात. पावाची कड काढून ठेवतात आणि विचारलं तर म्हणतात, वय झालं. मास्तर बूट काढता काढता म्हणाले, नवी कवळी आहे, सवय व्हायला वेळ लागतो. हे वाक्य ते डॉक्टरांना फोनवर दिवसातून चारदा ऐकवत. बायकोनं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून आपण फोनवर नाही हे मास्तरांच्या लक्षात आलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काकू गेल्या. दार लागलं, आणि लागताक्षणी आईनं कवळी तोंडातून काढली, स्वयंपाकघरात येऊन पाण्याच्या पेल्यात टाकली आणि उजवा गाल चोळत उभी राहिली. मास्तर दारातच होते. आईनं त्यांना पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी हसली.

त्यांनी तिला दिव्याखाली बसवून तोंड उघडायला लावलं. उजवीकडे खालच्या हिरडीवर लालभडक जखम होती. त्यांनी कवळी धुऊन परत घालायला लावली, खिशातला निळा कागद काढला, तिच्या दातांमध्ये धरला आणि म्हणाले, चाव. मग कवळी काढून बघितली. उजवीकडच्या दोन दाढांवर निळ्याचे गडद ठिपके उमटले होते. डावीकडे काहीच नव्हतं. आई तीन आठवडे उजवीकडच्या दोन दाढांवर जेवत होती.

"आई, हे कधीपासून दुखतंय?"

"लावल्यापासून थोडं टोचतंय रे."

"अगं, मग बोलली का नाहीस? डॉक्टरांकडे तरी जायचंस."

"काय सांगायचं त्यांना? डब्यावर तुझा शिक्का होता. मला वाटलं, माझंच तोंड चुकलं असेल."

मास्तरांनी कवळी पेल्यात परत ठेवली. तो शुक्रवार त्यांना आठवत होता. चळतीत वरून सहावा की सातवा डबा असेल. आपल्या आईचे दात त्यांनी झाकण न उघडताच पास केले होते. त्यांना लाज वाटली. आपण कुणाला लाज वाटल्याचं कबूल करण्यातले नाही, असं ते आजवर समजत होते, पण बायकोसमोर बसून त्यांनी ती सगळी कबूल केली. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता उद्या सकाळी ही ज्या जबड्यावर झाली तो आधी ऐका, मग रडा.

शुक्रवारी ते लॅबमध्ये गेले ते कवळी डब्यात घेऊनच. मेणकाकांनी बघितली, पालथी केली, मान हलवली. आपल्यातल्या कुणाची नाही, म्हणाले. मास्तरांनाही ती कुणाच्या हातची ते ओळखता येईना. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. शेवटी डब्यातली चिठ्ठी बघावी लागली. टेबल चौदा.

चौदाव्या टेबलावर तिशीतली एक बाई बसायची. चार महिने ती रोज मास्तरांना नमस्कार म्हणत होती आणि मास्तर रोज तिला "काय, चौदा, ठीक ना?" म्हणत पुढं जात होते. तिच्याबद्दल त्यांना एवढीच माहिती होती. आज ते तिच्यासमोर येऊन थांबले तशी ती घाबरून उभी राहिली. मास्तरांनी तिचा जबडा उचलला, कानाजवळ नेला आणि मिटला. ट-टक. पुन्हा मिटला. ट-टक. बिजागरी ढिली होती, आणि नुसती ढिली नव्हे, लटपटत होती.

"हा कधीपासून असा वाजतोय?"

"दीडेक महिना झाला असेल. मी तुम्हाला तीनदा सांगितलं, मास्तर. तुम्ही म्हणालात, बघतो."

"मग तू स्वतः का नाही आवळलास?"

"स्क्रूला हात लावायचा नाही ना. पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत."

शेजारच्या तेराव्या टेबलावरचा माणूस न राहवून म्हणाला, सांगत होतो ना मुंगे, चौथ्यांदा सांग म्हणून. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती मान वर न करता काम करते, हे मास्तरांना त्या क्षणी कळलं. नवव्यापासून एकविसाव्यापर्यंत सगळ्यांना नावं पडली होती. ती फक्त मास्तरांपर्यंत पोचली नव्हती.

मग मुंगीनं सगळं सांगितलं, खाली बघत, हळूहळू. दीड महिन्यापासून तिची कामं परत यायला लागली होती. कुठं उजवीकडे उंच, कुठं डावीकडे. तिला वाटलं डोळे गेले. दोन वेळा चष्म्याचा नंबर तपासून आली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग तिनं ठरवलं की हातच गेले. शिक्का मारून गेलेलं काम परत येतंय म्हणजे दोष मास्तरांनाही न सापडणारा असणार, अगदी बोटांच्या टोकाचा. तिनं खण उघडून एक पाकीट काढलं. नोकरी सोडत असल्याचा अर्ज होता. तारखेची जागा तेवढी मोकळी होती.

मास्तरांनी खिशातून पेचकस काढला आणि स्क्रू आवळला. पाव फेरा, आणखी थोडा. मग जबडा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, आता तूच ऐक.

तिनं तो कानाजवळ नेला. टक. तिनं पुन्हा मिटला. टक. मग ती तो उघडत आणि मिटत राहिली, पाच वेळा, दहा वेळा, आणि तिचा चेहरा बघता बघता सैल होत गेला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मास्तरांनी त्या दिवशी समोर बघितलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही एकदम होतंय याचंच तिला हसू येत होतं. पाकीट तिनं फाडलं नाही, नुसतं उलटं करून त्यावर मेण कापायचा चाकू पुसायला घेतला. मुंगीच ती, कागद वाया कसा घालवणार?

मास्तरांनी काम थांबवलं आणि नऊ ते एकवीस सगळी टेबलं फिरून आले. तेरा जबड्यांपैकी पाच ढिले निघाले. पाचही जणांनी कधी ना कधी सांगितलं होतं आणि पाचही जणांना 'बघतो' असं उत्तर मिळालं होतं. पहिल्या आठातला एकही ढिला नव्हता. आठ माणसांसाठी केलेला नियम एकवीस जणांच्या गळ्यात अडकवला, आणि तो पाळला गेला म्हणून हे झालं. कुणी नियम मोडला असता तर आईला सफरचंद खाता आलं असतं.

आता वर जाऊन हे सांगायला हवं होतं. लॅबमधून मालकीणबाईंच्या खोलीत जायला सतरा पायऱ्या. मास्तर आठव्या पायरीवर थांबले. चौतीस तर गेलेच, पण हे ऐकल्यावर एकवीसही राहतील का, आणि मास्तर म्हणणारं कुणी राहील का, हा विचार डोक्यात होता. त्यांनी चिठ्ठी काढली, भिंतीवर टेकवली आणि आकडा लिहिला. कागद इतका मऊ झाला होता की पेन आरपार गेलं आणि भिंतीवरही एक छोटासा आठ उमटला. तो अजून तिथं आहे.

मालकीणबाई स्वतः दातांच्या डॉक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आईची कवळी, निळा कागद, मुंगी, पाच स्क्रू, चळतीवरून धावणारा शिक्का, मास्तरांनी काही लपवलं नाही. मग त्यांनी खण उघडून डॉक्टरांच्या तक्रारींचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. दोन महिने त्या प्लास्टर बदलत होत्या. आधी एक कंपनी, मग दुसरी. दोष पोत्यात शोधत होत्या आणि तो बिजागरीत होता. गठ्ठ्याकडे बघता बघता त्यांनी दीर्घ श्वास सोडला, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की मालकीणबाईंना राग आलेला नाही, हायसं वाटलंय.

"सोमवारी लिहून दिलं असतंत तर किती लिहिलं असतंत?"

"चौतीस," मास्तर म्हणाले. खोटं बोलण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

मालकीणबाई हसल्या. कॅपांच्या विभागप्रमुखांनी सोमवारी दहा मिनिटांत चिठ्ठी आणून दिली होती, चाळीस लिहून. सोबत पेढे आणले नव्हते एवढंच. मग त्यांनी मास्तरांची चिठ्ठी उजेडात धरली.

"आठच का? दहा का नाहीत?"

मास्तरांनी विचार केला. कारणं द्यायची नाहीत असं ठरलं होतं, पण आता विचारलंच होतं.

"आठव्या टेबलापर्यंत मी ऐकतो, बाई. नवव्यापासून मी नुसता चालतो."

मालकीणबाईंनी चिठ्ठी टेबलावरच्या काचेखाली ठेवली. त्या दुपारीच ठरलं. एकवीस माणसांचे तीन गट करायचे. एक मास्तरांचा, आठ जणांचा, एक मेणकाकांचा, एक आणखी कुणाचा ते मास्तर आणि मेणकाका मिळून ठरवतील. गटाचा प्रमुख स्वतःच्या टेबलावर बसूनच काम बघेल. पेचकस प्रत्येकाच्या टेबलावर राहील आणि स्क्रू ज्याचा त्यानं आवळायचा, प्रमुखानं नुसतं ऐकायचं. हे शेवटचं मास्तरांना सगळ्यांत जड गेलं, पण त्यांनी मान डोलावली. तिसरी लॅब सध्या नको. काचेची खोली बांधून होत आली होती, तिचं काय करायचं असं मास्तरांनी विचारलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, एवढं प्लास्टर घेऊन ठेवलंय, पोती ठेवायला जागा नाही. डॉक्टरांना फोन मात्र मास्तरांनी स्वतः करायचे होते, प्रत्येकाला, नाव सांगून.

ते फोन म्हणजे अग्निपरीक्षाच होती. पाच ढिल्या जबड्यांवरची कामं कुठं कुठं गेली ते शोधून त्यांनी एकेकाला सांगितलं की चूक आमची आहे, पेशंटला परत बोलवा, आम्ही नव्यानं करून देतो. दोन डॉक्टरांनी चार शब्द सुनावले. एकानं फोनच आपटला. पण एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, मला वाटायला लागलं होतं की मलाच माप घेता येत नाही. मास्तरांनी फोन ठेवला. किती लोक स्वतःला दोष देत बसले होते या एका शिक्क्यापायी.

संध्याकाळी घरी चालत जाताना त्यांना दिवसभर घातलेले घट्ट बूट काढल्यासारखं वाटत होतं. एकविसाचे आठ झाले होते, खोली गेली होती, आणि ते चक्क शीळ घालत होते. जिन्यात मात्र शीळ थांबली. आईला सांगायचं राहिलं होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं बोटं मोजली, खरोखरच मोजली.

"म्हणजे तिच्या मुलाहून एक कमी."

"हो."

"बरं," आई म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मास्तरांना वाईट वाटलं, पण आठ हा आकडा परत घ्यावा असं काही वाटलं नाही.

कवळी नव्यानं मुंगीनंच केली. हट्ट धरून मागून घेतली. ती मास्तरांच्या आठातली एक झाली होती, कारण घाई आणि उद्या या दोघांनी मेणकाकांच्या गटात जाण्यासाठी अर्ज केला होता आणि तो दोघांनीही वेळेवर दिला होता. मुंगी रोज सकाळी स्वतः स्क्रू आवळायची, मास्तर कान लावायचे, आणि मग दोघं पाच मिनिटं बोलायचे. तिला एक धाकटी बहीण होती आणि जिन्याची भीती वाटायची, अशा गोष्टी मास्तरांना आता माहीत झाल्या होत्या. दात बसवून झाल्यावर मास्तरांनी झाकण उघडलं, कवळी जबड्यावर चढवली, निळा कागद धरला. दोन्हीकडे सारखे ठिपके आले. मग शिक्का मारला.

दोनेक आठवड्यांनंतरच्या रविवारी सकाळी काकू आल्या. मास्तर आत वर्तमानपत्र वाचत होते, पण दार उघडं होतं आणि कान तर त्यांचे तयारच होते. काकूंनी चहा घेतला, इकडतिकडचं बोलल्या आणि मग विचारलं, चौतीसचं काय झालं हो? मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"आठ," आई म्हणाली.

"आठ? म्हणजे आमच्याहून एक कमी?"

आईनं ताटलीतलं सफरचंद उचललं, न कापलेलं, आणि समोरून चावा घेतला. कर्रकन आवाज झाला, तो आतपर्यंत आला. आणि एकच आला. मग ती सावकाश चावत राहिली, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पार संपेपर्यंत.

काकूंची स्वतःची कवळी गेलं वर्षभर खणात पडून होती, हे साऱ्या जिन्याला ठाऊक होतं. बराच वेळ त्या सफरचंदाकडे बघत राहिल्या. मग खुर्ची जरा पुढं ओढून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, माझीपण करून देईल का हो तो?

"विचारून बघते," आई म्हणाली. "पण नंबर लागेल हं. आठच माणसं आहेत त्याच्याकडे."